बेल्टवर टाकलेलं पाणी

हे आजवर माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. सुनंदाला – माझ्या बायकोला – नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला लिहून सांगतो आहे, कारण लिहिताना शब्द पुन्हा तपासता येतो. तोंडानं सांगायला गेलो तर मी सोयीचा शब्द निवडीन. एकदा निवडला होता.

मी धाराशिवला वार्ताहर आहे. पाणीटंचाई, अपघात, जिल्हा परिषदेच्या बैठका, तुळजापूरची नवरात्रातली गर्दी – असल्या बातम्यांत उमेदीची वर्षं गेली. या कामात शिकलो ते एवढंच, की कोण काय म्हणालं आणि मी स्वतः काय पाहिलं-ऐकलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. ऑफिसात नवीन कुणी आलं की हे मी अजून शिकवतो. शिकवताना युनूसभाईंचा चेहरा समोर येतो – आणि मी घाईनं पुढच्या मुद्द्यावर जातो.

गोष्ट तशी साधी आहे. गाडीच्या आवाजाची.

आमची जुनी डिझेल गाडी सकाळी चालू केली की इंजिनातून चिरका आवाज यायचा. बघा, हे वाक्य मी आत्ताही तसंच लिहिलं. खरं वाक्य असं हवं – आवाज यायचा, असं घरचे म्हणायचे. सुनंदा शाळेत शिकवते; पाटीवर नख ओढल्यासारखा, असं तिचं वर्णन. तिची आई भूमहून राहायला आली की म्हणायची, ‘‘बोनेटात कोंबडीचं पिल्लू अडकलंय जणू.’’ समोर राहणारे निवृत्त तलाठी तर गेटात उभे राहून म्हणाले, ‘‘आता घड्याळाला गजर लावीत न्हाय आमी. तुमची गाडी हायच की.’’

मला तो आवाज येत नव्हता.

बारीक, उंच आवाज माझ्या कानांतून गेले होते. कधी गेले ते सांगता येत नाही. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, भाषणं टिपता यायची, त्यामुळं मलाही ते लवकर उमगलं नाही. थर्मामीटरची पीप-पीप नाही. मोबाईलची बारीक घंटी नाही. पावसाळ्यात रातकिडे नाहीत – जिल्ह्यातले रातकिडे कमी झाले अशी बातमी करावी, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. केली नाही, एवढं नशीब. मग एका कार्यक्रमात बाकीच्यांनी एकदम कान झाकले, माईकमधून कर्कश शिट्टी आली म्हणून – आणि मी त्यांच्याकडं बघत बसलो. त्या दिवशी कळलं. पण कळल्यावर मी काय केलं? इतरांचे चेहरे वाचायला शिकलो. सगळे दचकले की मीही दचकायचो, क्षणभर उशिरा.

तर आवाजाची चौकशी करायला मी गाडी युनूसभाईंकडं नेली.

त्यांचं गॅरेज गावाबाहेर, तुळजापूर रस्त्याला. नम्र माणूस म्हणून त्यांची ओळख करून देता येणार नाही. ‘‘सोलापूरपासून लातूरपर्यंत विचारा, आवाज पकडण्यात आपला हात कुणी धरणार न्हाय,’’ हे ते गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकवायचे. चुकायचेही. चुकलं की खापर गिऱ्हाइकावर – ‘‘तुमी गाडी चालवता का औत हाकता?’’ फक्त एका माणसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. सोलापूरचे त्यांचे उस्ताद. ते वारल्यावर त्यांची हत्यारं त्यांच्या मुलांनी ठेवून घेतली. ‘‘घेऊ द्या की. आपल्याकडं त्यांचा इल्म, त्यांची विद्या आली,’’ असं युनूसभाई म्हणायचे.

त्या दिवशी बोनेट उघडून ते बराच वेळ वाकून उभे होते. इंजिन चालू होतं. मग माझ्याकडं वळून हसले.

‘‘गप हाय. घरापासून इथवर येस्तोवर गरम झाली, आता शहाण्यासारखी गप. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर वरडती न्हवं?’’

मी म्हणालो, ‘‘हो. बायको म्हणते, पाटीवर नख –’’

‘‘वहिनींचं नंतर. तुमचा कान काय म्हणतो ते सांगा. तुमी बातमीवाले लोक दुसऱ्याचं ऐकून सांगता.’’

तिथं चार माणसं होती. सगळे हसले, मीही हसलो. आणि म्हणालो – ‘‘नखासारखाच.’’

युनूसभाई म्हणाले, गाडी रात्रभर इथं ठेवा, सकाळी थंड असताना मीच चालू करतो. मला दुसऱ्या दिवशी परंड्याला जायचं होतं. मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी मला उस्तादांची पाण्याची परीक्षा सांगितली. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक लांब रबरी बेल्ट असतो, तो चार-पाच पुल्या, म्हणजे छोटी चाकं, फिरवतो. सकाळी गाडी चालू करायची, आवाज आला की जपून, लांबूनच, त्या बेल्टवर थोडं पाणी टाकायचं. आवाज थांबला तर दोष बेल्टचा. पाणी टाकूनही आवाज तसाच राहिला, तर दोष एखाद्या पुलीच्या बेअरिंगचा. बेल्ट स्वस्तात बदलून होतो. बेअरिंग जाम झालं तर मात्र बेल्टच तुटतो, आणि मग गाडी कुठं थांबेल ते गाडीच ठरवते.

‘‘उस्ताद म्हणायचे, पाणी खोटं बोलत न्हाय,’’ ते म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी मी ती परीक्षा घेतली. सुनंदा प्रशिक्षणाला लातूरला गेली होती. समोरचे तलाठी फिरायला गेले होते. मी गाडी चालू केली, बोनेट उघडलं, मग्ग्यातून बेल्टवर पाणी टाकलं. आधी काही ऐकू आलं नव्हतं. नंतरही नाही. बेल्टवरून तुषार मात्र उडालेले दिसले.

एक दिवस थांबता आलं असतं. सुनंदा संध्याकाळी येणारच होती. दुसऱ्या दिवशी तिला अंगणात उभं करून विचारता आलं असतं – आता येतोय का, आता? पण मग ती माझ्याकडं बघून विचारणार, तुम्हाला नाही ऐकू येत? त्या प्रश्नाला मी घाबरलो. एवढंच होतं ते. दुसरं काही नाही.

युनूसभाईंचा फोन आला. मी सांगितलं, ‘‘पाणी टाकल्यावर आवाज नव्हता.’’

हे वाक्य नीट पाहा. अक्षरशः खरं आहे. माझ्यासमोर कुणी असं वाक्य असलेली बातमी आणून ठेवली असती, तर मी विचारलं असतं – आणि टाकायच्या आधी होता का? युनूसभाईंनी विचारलं नाही. ते का विचारतील? आवाजाची तक्रार घेऊन मीच गेलो होतो.

‘‘बगा! म्हंजी बेल्टच. मी म्हणत नव्हतो?’’ त्यांना झालेला आनंद फोनमधूनही कळत होता.

नवा बेल्ट बसला. बसवताना त्यांनी पुल्या हातानं फिरवून पाहिल्या. गरम इंजिनात त्या गुळगुळीत फिरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा म्हणाली, आवाज अजून येतोय. मी म्हणालो, नवा बेल्ट बसायला थोडे दिवस जातात. असं मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. मी ते जागच्या जागी तयार केलं.

सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही सोलापूरला गेलो होतो, ते परत येताना झालं. गाडीत सुनंदा, सासूबाई आणि माझा मेहुणा प्रकाश. ऊन कडक, एसी चालू. तुळजापूरचा घाट चढू लागलो आणि मागून प्रकाश म्हणाला, ‘‘दाजी, आवाज लई वाढलाय की. थांबा जरा.’’

मी म्हणालो, ‘‘वर जाऊन थांबू.’’

त्यानं सुनंदाकडं पाहिलं असावं. ती म्हणाली, ‘‘अहो, खरंच लई मोठा येतोय.’’ मी गाडी तशीच चढवत राहिलो. माझ्या कानात फक्त इंजिनाची जाड घरघर होती, नेहमीची. मग पुढून धपकन काहीतरी आदळलं – ते मलाही ऐकू आलं. लाल दिवा लागला आणि हातातलं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. समोर वळण, वरून यात्रेकरूंची बस उतरत होती. सुनंदानं शेजारून हात घालून स्टिअरिंग धरलं. आम्ही दोघांनी मिळून ते ओढलं. बस गेली. गाडी कठड्याला टेकून थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. सासूबाई काळा चष्मा लावून मागं बसल्या होत्या. त्यांना वाटलं, तुळजापूर आलं.

युनूसभाई मित्राची जीप घेऊन धावत आले. त्यांनी बोनेट उघडलं. बेल्टच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि बेल्ट ताणून धरणारी छोटी पुली तापून निळी पडली होती. त्यांनी ती फिरवायचा प्रयत्न केला. फिरली नाही. बेअरिंग. मग त्यांनी हळू आवाजात मला विचारलं – सगळ्यांसमोर नाही, बोनेटच्या आडोशाला, माझी अब्रू जपत –

‘‘साहेब, त्या दिवशी पाणी टाकलं तवा आवाज थांबला हुता न्हवं? नक्की?’’

यावेळी अक्षरशः खरं असं वाक्य हाताशी नव्हतं. मी म्हणालो, ‘‘हो. थांबला होता.’’

प्रकाश त्यांच्यावर तुटून पडला. ‘‘लई नाव ऐकलं हुतं तुमचं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन दरीत गेलो असतो आमी. असलं काम करता?’’ युनूसभाई नेहमीसारखं उलटून बोलतील असं मला वाटलं – खरं तर तसं त्यांनी बोलावं, अशी माझी इच्छा होती. ते म्हणाले, ‘‘बराबर हाय भाऊ तुमचं. चूक माजी.’’

सासूबाई खाली उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आईनं राखलं, झालं तर मग. प्रकाश, गप बस. तुमी आधी पाणी प्या ओ, उन्हातनं आलाव.’’ बाटली त्यांच्या हातात दिली. ते प्यायले. मी रस्त्याकडं बघत उभा होतो.

इथं थांबलो असतो तरी पुरे वाईट होतं.

त्यानंतरची वर्षं गाडीची जी काळजी घेतली गेली, ती माझी नव्हती, युनूसभाईंची होती. आमच्यावर ती वेळ आपल्यामुळं आली, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. मी रस्त्यात भेटलो तरी ते बोनेट उघडायला लावायचे. तुळजापूरला एका लग्नात त्यांनी अंगावर नवा कुर्ता असताना मंगल कार्यालयाच्या दारात माझ्या गाडीत डोकं घातलं. यजमान म्हणाले, ‘‘युनूसभाई, अक्षता तरी टाका.’’ त्यांनी अक्षता टाकल्या, काळ्या झालेल्या बोटांनी, आणि पुन्हा पुल्यांकडं गेले. सासूबाईंना छातीत दुखू लागलं तेव्हा भर पावसात भूमहून त्यांना मी याच गाडीतून आणलं. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. त्या आजही आहेत, आणि प्रकाशच्या बायकोला अजून नावं ठेवतात. तो माणूस नसता तर? मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. पण जेवताना त्या समोर बसलेल्या दिसतात, तेव्हा मी मनात युनूसभाईंचं नाव घेतो.

आणि हे सगळं मी त्यांच्या न केलेल्या चुकीच्या बदल्यात घेत होतो.

त्यांच्यात बदल झाला, तोही मी पाहिला. बढाया थांबल्या. गिऱ्हाइकाला सकाळी काय ऐकू आलं, हे विचारणं थांबलं. ‘‘गाडी रात्रभर ठेवा, मी स्वतः ऐकतो,’’ हा नवा नियम झाला. गावातले लोक ठेवायचे. यात्रेच्या गाड्यांना मुक्काम कसा परवडणार? त्या पुढच्या गॅरेजला जाऊ लागल्या.

मग तो दिवस आला, जो मला घाटापेक्षा जास्त आठवतो. मी गॅरेजच्या बाकावर चहा घेत बसलो होतो. सोनारीहून एक जीपवाला आला, कालभैरवाच्या दर्शनाला आलेले पाहुणे त्याला संध्याकाळी सोडायचे होते. जीपमधून चिरका आवाज येत होता, असं तो म्हणाला. मागं कधीतरी त्याला युनूसभाईंनीच परीक्षा शिकवली होती.

‘‘पाणी मारून बगू का, भाई? तुमीच सांगितलं हुतं.’’

‘‘नक्को,’’ युनूसभाई म्हणाले. ‘‘ते खरं न्हाय. उस्तादांचं बाकी सगळं सोनं हुतं. येवढं एक चुकीचं निघालं.’’

ते हे रागानं म्हणाले नाहीत. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याची एखादी खोड मान्य करावी, तसं म्हणाले.

मी बाकावर होतो. हातभर अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. मी ग्लास ओठाला लावला, चहा संपवला, आणि येतो म्हणून उठलो.

माझ्या भित्रेपणाची किंमत त्यांच्या गिऱ्हाइकीनं दिली, इथवर मी स्वतःशी कबूल करत आलो होतो. पण त्यांच्याकडं उस्तादांचं हत्यार एकही नव्हतं. जे होतं ते हेच. त्यातला एक तुकडा मी खोटा पाडला होता. आणि तो खोटा नव्हता, हे जगात मला एकट्याला माहीत होतं. हे माहीत असून मी किती वेळा त्या बाकावर बसलो? मोजलं नाही.

कानाचं पुढं उघड झालं. सुनंदानं ते केलं. दाराची घंटी, कुकरची बारीक फुसफुस, नात्यातल्या लहान मुलींचे आवाज – तिनं मनात जोडत आणलं होतं. तिनं आरोप केला नाही. एका रविवारी म्हणाली, ‘‘सोलापूरला जाऊन येऊ, डॉक्टरांची वेळ घेतलीय.’’ तोपर्यंत किती तरी वर्षं गाडीत माझ्या शेजारी बसून ती सहज बोलल्यासारखं सांगत आली होती – मागचा हॉर्न देतोय, इंडिकेटर चालू राहिलाय. मला वाटायचं, बडबडी आहे. आता कळतं की ती माझ्या वाटणीचं ऐकत होती. घाटात स्टिअरिंगला हात घातला होता, तो तिनं नंतरही काढला नव्हता.

आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली भांडी अंगावर आल्यासारखी वाटली. संध्याकाळी अंगणात रातकिडे होते. कमी झालेले नव्हते.

मागच्या आठवड्यात सकाळी गाडी चालू केली आणि इंजिनातून चिरका आवाज आला. मी ऐकला. पाटीवर ओढलेलं नख – सुनंदाचं वर्णन अचूक होतं. कोंबडीचं पिल्लूही बरोबर होतं. मी गाडी चालूच ठेवून उतरलो, बोनेट उघडलं, नळाखालून मग्गा भरून आणला. बेल्टवर पाणी टाकलं.

आवाज थांबला. एकदम. मग बेल्ट सुकला तसा हळूहळू परत आला. मी पुन्हा पाणी टाकलं. पुन्हा थांबला. सुनंदा दारात येऊन म्हणाली, ‘‘काय चाललंय सकाळी सकाळी?’’ मी मग्गा पुन्हा भरायला नळाकडं गेलो. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी लाजही.

यंत्रं नसती तर यावेळीही पाणी टाकून मी तेच वाक्य बोललो असतो, आणि यावेळी ते खरं ठरलं असतं. हे मला विसरायचं नाही.

हे छापून येण्याआधी मी गॅरेजवर जाणार आहे. युनूसभाई पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. त्यांना हे असं कळू नये. जीपवाले, गिऱ्हाइकं, कुणी का असेना तिथं – मी बाकावर बसणार नाही, उभा राहून बोलेन. सांगायची वाक्यं लिहून, पुन्हा वाचून, ठरवली आहेत. त्यात सोयीचा शब्द राहिलेला नाही.

युनूसभाई, त्या सकाळी पाणी टाकायच्या आधीही मला आवाज ऐकू आला नव्हता. घाटात तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. उस्तादांची परीक्षा बरोबर आहे.